जवळिकीचा नकाशा

६ डिसेंबर २०१०, सोमवार. फ्रान्समधल्या लियोन शहरातल्या एका विद्यापीठ-रुग्णालयाचा वृद्धांचा वॉर्ड. त्या दुपारी तिथल्या परिचारिकांनी, डॉक्टरांनी, ऑफिसातल्या कर्मचाऱ्यांनी आणि खाटांवरच्या पेशंटांनीसुद्धा छातीवर एकेक छोटा बिल्ला लावला. बिल्ल्यात बारकासा रेडिओ होता. दोन बिल्ले एक-दीड मीटरच्या आत समोरासमोर आले की एकमेकांना ओळखत, आणि दर वीस सेकंदांनी त्या भेटीची नोंद होई. माणसाचे शरीर बहुतांशी पाण्याचे, आणि असे क्षीण रेडिओसंदेश पाणी शोषून घेते. त्यामुळे दोन माणसे पाठमोरी उभी असतील, तर कितीही जवळ असली तरी बिल्ले गप्प राहत. चेहऱ्यासमोर चेहरा आला तरच नोंद. एकाचा श्वास दुसऱ्यापर्यंत पोचेल एवढीच जवळीक मोजायची, अशी ती युक्ती होती.

शुक्रवार दुपारपर्यंत ४६ कर्मचारी आणि २९ पेशंट यांच्यात मिळून १४,०३७ भेटी नोंदल्या गेल्या. अवघ्या चार दिवसांत, एकाच वॉर्डात चौदा हजार भेटी! यंत्राला फक्त बिल्ल्यांचे क्रमांक आणि वेळ कळत होती. पण ज्याने आपल्या माणसाच्या उशापाशी एखादी रात्र काढली आहे, त्याला त्या आकड्यांमागचे सगळे दिसते. कोणी उशी सारखी करत होते, कोणी बी.पी. बघत होते, कोणी कूस बदलून देत होते, कोणी ओठांशी पाण्याचा पेला धरून थांबले होते. आणखी एक गोष्ट त्या नोंदींतून वर आली. पेशंटांशी झालेल्या एकूण भेटींपैकी ४२ टक्के भेटी फक्त सहा कर्मचाऱ्यांच्या वाट्याच्या होत्या. सेहेचाळीसांतली सहा माणसे जवळपास अर्ध्या वॉर्डाला पुरी पडत होती.

हा आकडा वाचला तेव्हा त्यात मला आधी सेवा दिसली. मग लक्षात आले की संशोधकांनी तो मोजला होता वेगळ्याच कारणासाठी. इन्फ्लुएन्झाचा विषाणू वॉर्डात शिरला तर कुठून कुठे जाईल, याचा तो नकाशा होता. काळजीची वाट आणि फ्लूची वाट एकच. हा विषाणू आपल्यातल्या दुराव्यावर जगू शकत नाही. त्याला जवळीक लागते. रुग्णालय हे तर माणसाने जवळिकीसाठीच उभारलेले घर. इस्पितळातल्या फ्लूची सारी गोष्ट या एका पेचाभोवती फिरते.

अठ्ठेचाळीस तासांचे गणित

आपण ज्याला सरसकट ‘व्हायरल’ म्हणतो त्यात पुष्कळ विषाणू येतात. इन्फ्लुएन्झा त्यांतला एक, आणि बराच जड हाताचा. तो शरीरात शिरल्यापासून ताप चढेपर्यंत एक ते चार दिवस जातात, बहुतेक वेळा दोन. या एवढ्या माहितीवर रुग्णालये एक साधे गणित मांडतात. माणूस पाय मोडला म्हणून दाखल झाला. पहिल्याच दिवशी त्याला ताप-खोकला सुरू झाला, तर विषाणू त्याने घरूनच आणला. पण दाखल होऊन ४८ तास उलटले, काही ठिकाणी ७२ तास धरतात, आणि मग अंगात कणकण आली, घशाचा स्वॅब फ्लूचा निघाला, तर तो बहुधा इथेच मिळाला. बरे होण्यासाठी ज्या खाटेवर तो आला, त्या खाटेवरच आजाराने त्याला गाठले.

याच लियोन शहरात २००४ ते २००७ या काळातल्या तीन हिवाळ्यांत एका मोठ्या रुग्णालयात हजारो पेशंटांवर नजर ठेवून हिशेब मांडला गेला. ज्या पेशंटांचा वॉर्डातल्या कोणत्याही आजारी माणसाशी संबंध आला नाही, त्यांच्या तुलनेत आजारी कर्मचाऱ्याच्या सहवासात आलेल्यांना फ्लूसारखा आजार होण्याचा धोका सुमारे साडेपाच पट निघाला. आजारी सहपेशंटाच्या सहवासात तो सुमारे १८ पट झाला. दोन्ही प्रकारचे आजारी आसपास असले तर जवळजवळ ३५ पट. शेजारची खाट इतकी जवळ असते!

आणि खाटेवरच्या माणसाला हा ताप निरोगी माणसासारखा चार दिवसांत सोडून जात नाही. आपल्या श्वासनलिकेला आतून सूक्ष्म केसांचे अस्तर असते. ते केस अखंड हलत राहतात आणि धूळ, जंतू, शेंबूड असा सगळा केर वर ढकलतात. फ्लूचा विषाणू नेमक्या याच पेशींवर हल्ला करतो. झाडूवालाच आजारी पडला की केर साचतो; मग एरवी सहज बाहेर फेकले गेले असते असे जिवाणू फुप्फुसात उतरतात आणि न्यूमोनिया होतो. हृदयावरही ताण येतो. कॅनडातल्या ऑन्टारिओ प्रांतातल्या अभ्यासात २०१८ मध्ये असे दिसले की फ्लूचे निदान झाल्यानंतरच्या सात दिवसांत हृदयविकाराचा झटका येण्याचे प्रमाण त्याच माणसांच्या एरवीच्या काळापेक्षा सहा पट होते. म्हाताऱ्या माणसांत तर कधी कधी ताप चढतच नाही. नुसती गळून गेल्यासारखी मरगळ येते, बोलणे विसंगत होते, जेवण सुटते. घरच्यांना वाटते वय झाले. खरे कारण असते शेजारच्या खाटेवरचा खोकला.

आठ पट्ट्यांची पोथी

एवढी उलथापालथ करणारा हा विषाणू आहे केवढा? एका मिलिमीटरच्या रेषेवर तो ओळीने मांडला तर सुमारे दहा हजार मावतील. त्याच्या पोटात आरएनएच्या आठ सुट्या पट्ट्या असतात. त्या आठही पट्ट्यांवरची रासायनिक अक्षरे एकत्र मोजली तर भरतात साधारण साडेतेरा हजार. माणसाच्या जनुकसंचातली अक्षरे सुमारे तीनशे कोटी. विषाणूची सगळी पोथी मासिकातल्या एका लेखाएवढी. त्या एका लेखात पेशी कशी फोडायची, आपली नक्कल कशी काढायची, बाहेर कसे पडायचे, हे सगळे लिहून ठेवलेले आहे.

त्याच्या अंगावर दोन प्रकारचे काटे असतात. पहिल्याचे नाव हिमॅग्लुटिनिन, म्हणजे एच१एन१ मधला ‘एच’. दुसऱ्याचे न्यूरामिनिडेज, म्हणजे ‘एन’. आपल्या श्वासमार्गातल्या पेशींच्या अंगावर सायलिक आम्ल नावाच्या साखरेची टोके असतात. ‘एच’ त्या साखरेला धरतो आणि पेशीला चिकटतो. आत शिरून विषाणू पेशीकडून हजारो नकला काढून घेतो. नव्या विषाणूंना बाहेर पडायचे असते तेव्हा मात्र हीच साखर त्यांचे पाय धरून ठेवते. त्या वेळी ‘एन’ कामाला येतो. तो कात्री आहे, साखरेची टोके छाटून वाट मोकळी करतो. धरायला एक हात, सोडवायला दुसरा. आपले शरीरही काही स्वस्थ बसलेले नसते. आपल्या शेंबडात तीच साखर पसरलेली असते, विषाणूने तिलाच पेशी समजून अडकून पडावे म्हणून. ज्या शेंबडाला आपण नाक मुरडतो तो खरे तर जाळे टाकून बसलेला पहारेकरी आहे. त्या जाळ्यातूनही विषाणू आपली कात्री चालवत पुढे सरकतो.

आणि त्याचा अंगरखा? तो स्निग्ध पदार्थाचा असतो, आणि तो त्याचा स्वतःचा नसतोच. बाहेर पडताना आपल्याच पेशीच्या आवरणाचा तुकडा तो अंगावर ओढून घेतो. आपल्याच घरची शाल पांघरून तो शेजारच्या घरी जातो. ही शाल पुढे त्याला महागात पडते, कारण साबण आणि अल्कोहोल ती विरघळवून टाकतात.

शिवाय तो पोथीची नक्कल करताना सारखा चुकतो, आणि चुका तपासायची सोय त्याच्याकडे नाही. या चुकांतूनच त्याचे काटे दरवर्षी थोडे थोडे बदलत जातात. म्हणून मागच्या वर्षी ओळख झालेली असूनही आपले शरीर त्याला या वर्षी पुरते ओळखत नाही. पण याच चुका शोध घेणाऱ्यांच्या कामीही येतात. वॉर्डात पाच जणांना फ्लू झाला, तर प्रत्येकाच्या विषाणूची अक्षरे वाचून एकमेकांशी ताडून बघता येतात. हस्तलिखिताच्या अभ्यासकाला एकच लेखनदोष दोन प्रतींत सापडला की एक प्रत दुसऱ्यावरून उतरवली हे कळते, तसेच हे. कधी कळते की पाचही जण एकाच साखळीतले आहेत. कधी एकाच आठवड्यात, एकाच वॉर्डात विषाणू दोन-तीन वेगवेगळ्या दारांनी आत आलेला असतो.

हवेतली वाट

१९३३ मध्ये लंडनमध्ये विल्सन स्मिथ, ख्रिस्तोफर अँड्र्यूज आणि पॅट्रिक लेडलॉ यांनी माणसातला हा विषाणू पहिल्यांदा हाती घेतला. आजारी माणसांच्या घशातले द्रव त्यांनी मुंगसासारख्या दिसणाऱ्या फेरेट नावाच्या प्राण्यांच्या नाकात सोडले. फेरेट शिंकू लागले, त्यांना ताप आला. तीन वर्षांनी, १९३६ मध्ये, त्याच गटातले चार्ल्स स्टुअर्ट-हॅरिस एका आजारी फेरेटला तपासत असताना तो त्यांच्या तोंडावर शिंकला. दोनेक दिवसांत ते तापाने फणफणले आणि त्यांच्या घशातून तोच विषाणू मिळाला. आजाऱ्याला तपासायला वाकलेला माणूसच आजारी पडतो, याचा प्रयोगशाळेतला हा पुरावा. लियोनच्या बिल्ल्यांनी पुढे जे मोजले त्याचे मूळ रूप म्हणजे तो एक चेहरा आणि ती एक शिंक.

शिंकेतले थेंब आपल्याला दिसतात, म्हणून आपण शिंकेला घाबरतो. पण विल्यम फर्थ वेल्स या अमेरिकी संशोधकाने १९३० च्या दशकात एक वेगळाच हिशेब मांडला. मोठा थेंब दगडासारखा काही सेकंदांत जमिनीवर येतो. बारीक थेंब मात्र पडता पडताच सुकतो आणि त्याचा उरलेला कण हवेत तरंगत राहतो. पाच मायक्रॉनचा कण स्थिर हवेत माणसाच्या उंचीवरून खाली यायला अर्धा-पाऊण तास घेतो, एका मायक्रॉनचा त्याहून कितीतरी अधिक. खोलीतली हवा तर स्थिरही नसते; पंखा फिरतो, दार उघडते, कोणी चालत जाते.

१९७७ मध्ये अलास्कात एका विमानाने ही गोष्ट फार स्पष्ट करून दाखवली. ५४ माणसे बसलेले विमान इंजिनातल्या बिघाडामुळे तीन तास धावपट्टीवर अडकले. बहुतेक प्रवासी आतच बसून राहिले आणि त्या वेळात हवा खेळवणारी यंत्रणा बंद होती. आत एक तरुणी फ्लूने खोकत होती. पुढच्या ७२ तासांत ७२ टक्के प्रवासी आजारी पडले. तिच्याजवळ बसलेल्या तेवढ्यांनाच बाधा झाली असती तर एवढा आकडा झाला नसता.

अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना राज्यात एका रुग्णालयात संशोधकांनी फ्लूच्या पेशंटांभोवतीची हवा गाळून पाहिली. २०१३ मध्ये त्यांनी निष्कर्ष मांडले. ६१ बाधितांपैकी २६ जणांच्या आसपासच्या हवेत विषाणू सापडला, पार सहा फुटांपर्यंत. त्या २६ पैकी पाच जण इतरांपेक्षा ३२ पटींपर्यंत जास्त विषाणू सोडत होते. बाकीच्या ३५ जणांच्या हवेत तो मिळालाच नाही. म्हणजे प्रत्येक आजारी माणूस सारखा नसतो. आणि २०१८ मध्ये मेरिलँड विद्यापीठाच्या संशोधकांना दिसले की न खोकता, न शिंकता, नुसत्या श्वासातूनही जिवंत विषाणू बाहेर पडू शकतो.

मग हवाच स्वच्छ केली तर? वेल्सचा शिष्य रिचर्ड रायली आणि त्याच परंपरेतले संशोधक हा प्रश्न विचारत होते, आणि एक उत्तर जवळजवळ अवचित हाती आले. १९५७-५८ मध्ये आशियाई फ्लूची लाट जगभर पसरली होती. कॅलिफोर्नियातल्या लिव्हरमोर इथल्या माजी सैनिकांच्या रुग्णालयात क्षयाचे पेशंट दीर्घकाळ राहत होते. तिथल्या काही वॉर्डांत छताजवळ अतिनील किरणांचे दिवे लावले होते, काहींत नव्हते. दिव्यांचा प्रकाश वरच्या हवेतच राही, माणसांवर पडत नसे. लाट ओसरल्यावर सगळ्यांची रक्ततपासणी झाली. दिवे नसलेल्या वॉर्डांत १९ टक्के पेशंटांना फ्लू होऊन गेल्याच्या खुणा होत्या. दिवे असलेल्या वॉर्डांत २ टक्के. पेशंट तसेच, खाटा तशाच, सेवा तशीच. फरक फक्त डोक्यावरच्या हवेत होता.

दिवे नसतील तर खिडकी आहे. पेरूतल्या लिमा शहरातल्या रुग्णालयांत २००७ मध्ये हवेची मोजणी झाली. त्यात १९५० पूर्वीच्या, उंच छताच्या, मोठ्या खिडक्यांच्या जुन्या इमारतींनी नव्या यंत्रचालित खोल्यांना सहज मागे टाकले. खिडक्या-दारे उघडली की तासाभरात खोलीतली हवा पंचवीसहून अधिक वेळा बदलत होती. यंत्रांच्या खोल्यांत बारा वेळा. तो अभ्यास क्षयासाठी होता, पण वारा काही आजाराचे नाव विचारून वाहत नाही. आपल्याकडच्या जुन्या सरकारी इस्पितळांतली ती उंच छते आणि डोक्याच्याही वर गेलेल्या खिडक्या आठवा. ज्याने त्या बांधल्या त्याला विषाणू माहीत नव्हता, हवेचे मोल मात्र माहीत होते.

हातांची वाट

हवेखेरीज दुसरी वाट हातांची. खाटेची दांडी, सलाईनचा स्टँड, दाराची मूठ, मोबाइल. १९८२ मध्ये प्रयोगांत दिसले की स्टीलसारख्या कडक, गुळगुळीत पृष्ठभागावर फ्लूचा विषाणू २४ ते ४८ तास टिकतो; कापड-कागदावर आठ ते बारा तास. हातावर मात्र तो जेमतेम पाच मिनिटे तग धरतो. पाच मिनिटांत हात नाकाला किंवा डोळ्याला लागतोच, हीच त्याची संधी. स्वित्झर्लंडमधल्या संशोधकांनी २००८ मध्ये चलनी नोटांवर प्रयोग केले. नुसता विषाणू नोटेवर काही दिवसच टिकला. शेंबडात मिसळून ठेवला तेव्हा सतरा दिवसांपर्यंत. मघाचा तोच पहारेकरी शरीराबाहेर आला की विषाणूचे पांघरूण होतो!

म्हणून हात चोळून धुवायचे. साबण ती चोरलेली स्निग्ध शाल फाडतो, आणि चोळण्याने चिकटलेले सारे सुटून पाण्याबरोबर जाते. पण वॉर्डात दर पेशंटामागे बेसिनपर्यंत जाऊन यायला सिस्टरला वेळ कुठला? जिनिव्हाच्या विद्यापीठ-रुग्णालयात डिडिए पिते आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात हा प्रश्न वेगळ्या बाजूने सोडवला. बेसिनकडे माणूस नेण्याऐवजी त्यांनी अल्कोहोलची बाटली खाटेपाशी आणली. १९९४ ते १९९७ या काळात हात स्वच्छ करण्याचे प्रमाण ४८ वरून ६६ टक्क्यांवर गेले आणि रुग्णालयातल्या एकूण संसर्गांचे प्रमाण सुमारे १७ टक्क्यांवरून १० टक्क्यांच्या आत आले. आज खाटेच्या पायथ्याशी लटकणारी ती बाटली आपल्याला नेहमीची वाटते. तिच्यामागे एवढा विचार आहे.

न कळलेला ताप

या साऱ्या कहाणीत मला सर्वांत हलवून गेलेला अभ्यास ग्लासगोचा आहे. १९९३-९४ च्या हिवाळ्यात तिथल्या चार रुग्णालयांतल्या ५१८ कर्मचाऱ्यांचे रक्त हंगामाआधी आणि हंगामानंतर तपासले गेले. हंगाम सौम्य होता. तरीही २३ टक्के जणांच्या रक्तात फ्लू होऊन गेल्याची खूण सापडली. त्यांना विचारले, तेव्हा त्यांतल्या ५९ टक्क्यांना आपल्याला फ्लू झाल्याचे आठवत नव्हते, आणि २८ टक्क्यांना तर साधी सर्दी झाल्याचेही आठवत नव्हते.

म्हणजे ही माणसे कामावर येत राहिली. बेफिकिरीने नव्हे, त्यांना काही जाणवलेच नाही. शिवाय ज्यांना ताप चढतो त्यांच्याही श्वासातून विषाणू लक्षणे दिसण्याच्या एक दिवस आधीपासून बाहेर पडू लागतो. लियोनच्या त्या सहा जणांपैकी एकाच्या बाबतीत असे झाले असते, तर तो कोणाच्या उशापाशी किती वेळा वाकला असता, याचा विचार करा. आणि ज्यांना बरे वाटत नसते तेही येतातच. ड्युटीवर माणसे कमी असतात, बदली मिळत नाही, सहकाऱ्यांवर भार टाकायला मन धजत नाही. अंगात कणकण असताना गोळी घेऊन वॉर्डात उभ्या राहणाऱ्या सिस्टरला आपण कर्तव्यदक्ष म्हणतो. तिला पगारी सुटी आणि बदली माणूस देणे हे त्या वॉर्डातल्या पेशंटांवरचेच उपचार आहेत, हे आपल्या व्यवस्थांना अजून पुरते उमगलेले नाही.

चक्रीफूल आणि लस

औषध आहे. ऑसेल्टामिव्हिर या औषधाचा रेणू विषाणूच्या त्या कात्रीत, ‘एन’ मध्ये, नेमका जाऊन बसतो. कात्री मिटत नाही, नवे विषाणू पेशीला चिकटूनच राहतात. हे औषध बनवण्यासाठी शिकिमिक आम्ल लागते आणि ते दीर्घकाळ मिळवले गेले चक्रीफुलातून. मालवणी मसाल्यात, बिर्याणीत पडणाऱ्या त्याच बाद्यानातून. मसाला खाऊन फ्लू बरा होत नाही, कारण आम्लापासून औषधापर्यंत रसायनशास्त्राच्या पुष्कळ पायऱ्या आहेत. तरी स्वयंपाकघरातल्या डब्यातली ती आठ पाकळ्यांची चांदणी आणि विषाणूच्या आठ पट्ट्या यांची अशी गाठ पडावी, याचे मला दरवेळी नवल वाटते. हे औषध लवकर, शक्यतो पहिल्या दोन दिवसांत, द्यावे लागते. आणि चुका करणारा विषाणू त्यालाही चुकवू शकतो. २००९ मध्ये वेल्समधल्या कार्डिफ इथल्या रुग्णालयात रक्तविकारांच्या वॉर्डात, जिथे पेशंटांची प्रतिकारशक्ती अगदी क्षीण असते, या औषधाला दाद न देणारा एच१एन१ एका पेशंटाकडून दुसऱ्याकडे गेल्याचे आढळले. ‘एन’ मधला एकच दुवा बदलला होता.

म्हणून खरी भिस्त लशीवर. जागतिक आरोग्य संघटना वर्षातून दोनदा, फेब्रुवारीत उत्तर गोलार्धासाठी आणि सप्टेंबरात दक्षिणेसाठी, लशीत कोणते विषाणू घ्यायचे ते ठरवते. ही लस अभेद्य नाही; काही वर्षी बरी जुळते, काही वर्षी कमी. तरी अमेरिकेतल्या व्हर्जिनिया विद्यापीठाच्या रुग्णालयाचा अनुभव बोलका आहे. १९८७-८८ मध्ये तिथले फक्त ४ टक्के कर्मचारी लस घेत. १९९९-२००० पर्यंत ६७ टक्के घेऊ लागले. त्याच काळात तिथल्या दाखल पेशंटांतल्या फ्लूपैकी रुग्णालयातच लागलेल्या फ्लूचा वाटा ३२ टक्क्यांवरून शून्यावर आला. सगळ्याच अभ्यासांत इतका ठळक फरक दिसत नाही, आणि कर्मचाऱ्यांच्या लशीचा पेशंटांना नेमका किती फायदा होतो यावर तज्ज्ञांत वादही आहेत. पण लशीची दिशा नकाशाशी जुळते. जो सर्वांत जास्त जणांवर वाकतो, त्याला आधी जपायचे.

पावसाळ्यातला वॉर्ड

युरोपात हा हिवाळ्याचा आजार. भारतात श्रीनगरकडे तो हिवाळ्यात वाढतो. पुण्या-मुंबईकडे त्याची मोठी लाट पावसाळ्यात, जुलै ते सप्टेंबरच्या सुमारास येते, आणि पुन्हा एक लहान लाट थंडीत. १९१८ चा साथीचा ताप मुंबईत उतरला तोही जूनमध्येच, आणि सुरुवातीला आजारी पडलेल्यांत गोदीवरचे पोलीस शिपाई होते. २००९ च्या ऑगस्टमध्ये पुण्याने स्वाइन फ्लू पाहिला. शाळा बंद झाल्या, रस्त्यावर प्रत्येकाच्या तोंडाला रुमाल आला, नायडू रुग्णालयाबाहेर तपासणीसाठी रांगा लागल्या. त्याच पुण्यात राष्ट्रीय विषाणू संस्था या विषाणूच्या बदलत्या रूपांवर नजर ठेवून असते. मोठी लाट पावसाळ्यात येते म्हणून आपल्याकडे फ्लूची लस पावसाळ्याच्या आधी, एप्रिल-मे मध्ये घ्यावी, असे संशोधक सुचवतात.

लियोनच्या नकाशात नसलेले एक माणूस आपल्या वॉर्डात असते. पेशंटाचा नातेवाईक. तो खाटेशेजारी बाकावर बसतो, खाली चटई टाकून झोपतो, चमच्याने पेज भरवतो, शेजारच्या खाटेवरच्या आजोबांनाही पाणी देतो. सिस्टर, मावशी, वॉर्डबॉय यांच्यावरचा कितीतरी भार तो उचलतो. आपल्याकडच्या वॉर्डात ते बिल्ले वाटले, तर नकाशावर सर्वांत ठळक रेषा बहुधा त्याचीच उमटेल. आणि संध्याकाळी भेटण्याच्या वेळेला तर गाव लोटते. ‘आजाऱ्याला बघून यावे’ ही आपली रीत आहे, आणि ती चांगली रीत आहे. एकट्या पडलेल्या माणसाला खाटेवर आपले माणूस दिसणे याची बरोबरी करील असे औषध नाही.

म्हणूनच यावरचा उपाय दुरावा असू शकत नाही. जो पेशंटापाशी राहणार आहे त्याने लस घ्यावी. वॉर्डात शिरताना आणि निघताना हात चोळून स्वच्छ करावेत, खाटेवर बसू नये, नाक-तोंड झाकेल असा मास्क लावावा, पावसाचे शिंतोडे येत नसतील तेव्हा खिडकी उघडावी. पेशंटाला दोन दिवसांनंतर नवा ताप, नवा खोकला आला, किंवा वृद्ध माणूस अचानक गप्प झाला, तर राउंडची वाट न बघता सिस्टरला सांगावे. आणि आपल्याच घशात खवखव असेल, तर त्या दिवशी जाऊ नये. डबा दुसऱ्याच्या हाती द्यावा, फोनवर आवाज ऐकवावा.

लियोनच्या वॉर्डात पुढे फ्लूच्या हंगामात पुन्हा असे बिल्ले लावले गेले, या वेळी सोबत घशाचे स्वॅबही घेतले, आणि कोण कोणाच्या किती जवळ होते ते विषाणूशी ताडून पाहिले गेले. यंत्राला त्यात भेटी आणि संसर्ग दिसले. मला मात्र अजून ते पहिलेच सहा जण दिसतात. नावे माहीत नसलेले, चार दिवसांत हजारो वेळा कोणाच्या तरी चेहऱ्यावर वाकलेले. त्यांचे वाकणे थांबू नये आणि त्या वाकण्यातून कोणाला ताप लागू नये, एवढ्यासाठी ही सगळी मोजणी, दिवे, बाटल्या, लशी. रांगेत उभी राहून लस टोचून घेणारी सिस्टर, आणि खोकला आला म्हणून वॉर्डाच्या दारातून डबा आत पाठवून परत फिरणारी पेशंटाची मावशी, दोघीही पेशंटाच्या उशापाशीच असतात.